पाणी उतरलं की आधी ओटी

२६ ऑगस्ट
राखी. ताईचं पाकीट पोष्टात भिजून आलं, धाग्याचा रंग सुटलेला. दाजींनीच बांधली. म्हणे, "तुझ्या बहिणीच्या वतीनं बांधतोय, तर ओवाळणी पण माझी." मी अर्धं बिस्कीट दिलं. खाल्लं की लगेच, मला वाटलं परत देतील.
पाकिटात हळदकुंकवाची पुडी पण होती, नवऱ्यासाठी. एवढ्या लांब ह्या माणसानं हळदकुंकू कोणाला लावायचं, ते ताईलाच ठाऊक. दाजींनी उशाखाली ठेवली.
मनगटावर लाल पट्टा उमटलाय. साबणानं जात नाय.

२ सप्टें.
लय उकडतं. हाटेलाचा दुसरा मजला चालू. दाजी सेंट्रिंग लावतात, मी सळई बांधतो. नाशकात गंगापूर रोडला बंगल्यांवर हेच केलं. इथं समोर समुद्र आणि बेटावरच्या लोकांची बोली कळत नाय, एवढाच फरक.
इथं येऊन वर्ष पण नाय झालं आणि मला निघावंसं वाटायला लागलं. कुठं, ते विचारू नये. सातवीनंतर शाळा सोडली ती अशीच. सिन्नरला कारखान्यात थोडे दिवस, ट्रकवर क्लीनर, मग गंगापूर रोड, मग ठेकेदाराच्या मागं समुद्रापार. दाजी म्हणाले, "तुझ्या पायाला भिंगरी हाय सोप्या. तुझ्या ताईला शब्द दिलाय, परत नेऊन सिन्नरला खुंट्याला बांधतो म्हणून."

१३ सप्टें.
गणपती बसवला. साईटच्या मातीचा. सोंड सारखी गळायची, शेवटी मी आत सळईचा तुकडा घातला. दाजी म्हणाले, आरसीसी गणपती, ह्याला भूकंप पण काय करत नाय.
अल्बर्ट येऊन बघत बसला. हा साईटचा वॉचमन, म्हातारा, ह्याच बेटावरचा. दाजी त्याला मराठीत सांगतात, तो त्याच्या बोलीत. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाय. तरी रोज संध्याकाळी दोघं बसतात, आणि हसतात पण बरोबर.

१७ सप्टें.
पावसानं काम बंद. दाजी अल्बर्टला सायखेड्याचं सांगत होते. गोदावरी म्हणजे आमची गंगा, माझं घर घाटाला लागून, सगळ्यात शेवटचं, वगैरे. मी पण ऐकलं, चारदा ऐकलेलं. पूर चढला की गल्ली रिकामी. उतरला की गंगेची पहिली ओटी दाजींच्या घरची. नारळ घरच्या पुरुषानं न्यायचा, ओटी घरच्या सवाष्णीनं भरायची. तोवर गल्लीत कोणी चूल पेटवत नाय. दाजींचे वडील गेल्यापासून नारळ दाजींचा, ओटी ताईची. दाजींची आई, जिजी, मागं उभी राहून ओरडणार, "पाणी उतरलं की आधी ओटी, मग चूल!"
मी म्हटलं, यंदा आला पूर तर?
"येत नाय. गंगेला ठाऊक हाय मी घरी नाय ते."

२० सप्टें.
स्लॅब भरला. पहिल्या प्लायवर दाजींनी तेलखडूनं श्री काढला होता, नेहमीसारखा. वरून काँक्रीट. हात धुतले.

२२ सप्टें.
वारा अजिबात नाय. समुद्र तेल ओतल्यासारखा, पण लांबून मोठ्या मोठ्या लाटा येतात, आवाज न करता. पक्षी दिसत नाय. वादळ येतंय म्हणे. त्याला बाईचं नाव दिलंय, रेडिओवर हाका मारल्यासारखं सारखं तेच.
अल्बर्टनं करून दाखवलं. एक हात गोल गोल फिरवला, मग दुसऱ्या हाताचा अंगठा मधोमध धरला. दाजी म्हणाले, "जात्यासारखं फिरतं म्हणतोय." अल्बर्टनं परत अंगठा दाखवला. दाजी म्हणाले, "हां हां, जात्याचं तोंड." मान डोलावली. झालं, कळलं दोघांना.

२३ सप्टें.
साईटवरचा होता तेवढा प्लाय दाजींनी वस्तीतल्या खिडक्यांना ठोकला. बाया येऊन हात धरून नेत होत्या, माझ्या घरी, माझ्या घरी. दाजी असे खूश की कोणाच्या लग्नाचा मांडव घालतायत. एका म्हातारीनं गालाची पापी घेतली. "ताईला सांगू नको."
फळी काढताना माझ्या पायात खिळा घुसला, आरपार जायचा राहिला. दाजींनी उपसला, वर चुना लावला. म्हणाले, "भिंगरी ठोकून बसवली एकदाची."
आता सगळे दगडी चर्चमध्ये.

२६ सप्टें.
पेन धरवत नव्हतं. आता लिहितो, नायतर डोक्यात मागचं पुढं होईल.
२४ ला सकाळपासून वारा. चर्चमध्ये अख्खी वस्ती, शेळ्यांसकट. आवाज असा की शेजारचा बोलला तर नुसतं तोंड हलताना दिसायचं. पत्रे फाटत होते कुठंतरी, कापडासारखे. दाजी माझा पाय मांडीवर घेऊन बसलेले. टेकवताच येत नव्हता मला.
दुपारी एकदम थांबलं. कमी कमी होत नाय, थांबलंच. कानात दडे बसले. दार उघडलं तर ऊन. वर गोल निळं आभाळ, स्वच्छ धुतलेलं. मी दाराला धरून उभा राहिलो. तिथून खाली खाडी दिसते. खाडीत पाणी नाय. होड्या चिखलात आडव्या पडलेल्या, मासे उड्या मारतायत.
दाजी म्हणाले, "उतरलं बघ. उतरलं."
ते तोंड माझ्या ओळखीचं आहे. सायखेड्याला पूर ओसरल्यावर घाटावर असतं तेच.
बाहेर नारळांचा सडा. एक उचलला, न सोललेलाच. पुडी खिशात होती. मी म्हटलं, ओटीला सवाष्ण लागते ना दाजी. "नारळ तर देतो. ओटी तुझी ताई भरंल घरी गेल्यावर. परक्या मुलखात पण जीव राखला गंगेनं, तसंच बसायचं का?"
अल्बर्ट दारात आडवा झाला. हात परत गोल फिरवला, मधी अंगठा. मग तळहातावर दुसऱ्या हाताची कड मधोमध मारली. अर्धं. दोनदा मारली. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "आज्या, गंगेचे पूर बघत मोठा झालो मी. उतरलेलं पाणी असं लगेच चढत नसतं." आणि मला, "चहाचं बघ सोप्या. आलोच."
चर्चमधलं दुसरं कोणी बाहेर पडलं नाय. ते आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.
वारा आला तो उलट्या अंगानं. अल्बर्टनं दार लोटलं, आडणा घातला. मी दाराकडं गेलो तर मला धरून खाली पाडलं, चौघं अंगावर बसले. मग पाणी. सगळी खाडी परत आली, आणि तिच्यामागं समुद्र. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत.
दाजी आले नाय.

२७ सप्टें.
शोधतोय. काठी घेऊन. अल्बर्ट बरोबर. डोंगर सगळा तपकिरी, वणवा लागून गेल्यासारखा, आणि जळलेलं काहीच नाय. झाडावर एक पान नाय. तोंडावर हात फिरवला तरी मीठ लागतं.
दाजींनी ठोकलेले प्लाय तेवढे जागच्या जागी. काही घरं गेली, खिडकी राहिली.

२९ सप्टें.
शाळेत मयतं ठेवलीत. मला बोलावलं बघायला. सगळ्यांची तोंडं पाहिली. त्यात दाजी नाय. बरं वाटलं. शेजारी एक बाई तिच्या पोराजवळ बसली होती, तिच्यासमोर मला बरं वाटलं.

३ ऑक्टो.
साईटच्या साहेबाच्या फोनवरून सायखेड्याला लावला, वाण्याच्या दुकानात. वाणी जिजींना बोलावून आणेपर्यंत लाइन तुटती का काय असं झालं. सगळं सांगितलं, नारळापासून.
जिजी म्हणाल्या, "तू पाह्यलं का त्याला पाण्यात?"
"नाय जिजी."
"अंग सापडलं का?"
"नाय."
मागून ताईचा आवाज आला, "द्या इकडं." मग मला म्हणाली, "नाय पाह्यलं ना तू? मंग नको बोलू काय." आणि ठेवला.

९ ऑक्टो.
सर्वपित्री अमावस्या. परत फोन केला. जिजी म्हणाल्या, रामकुंडावर गुरुजींना विचारून आले. अंग नाय सापडलं तर पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो, मग दहावं बारावं सगळं. "पण तुझी बहीण मंगळसूत्राला हात लावू देत नाय. म्हणती, सोप्यानं पाह्यलं नाय. तूच सांग तिला. तू म्हणशील ते ती ऐकंल. मी पण ऐकीन."
मी म्हटलं, आवाज येत नाय. येत होता.

२१ ऑक्टो.
पलीकडच्या बेटावर दवाखान्यात एक माणूस आहे म्हणे. मच्छीमारांनी उचलून नेलेला, बोलत नाय, नाव सांगत नाय, रंग आपल्यासारखा. होडीनं निघालो. अल्बर्टनं भाकरीसारखं काहीतरी बांधून दिलं.
जाताना डोक्यात सगळं ठरवलं. दाजींना काय बोलायचं, कसं शिव्या घालायच्या. ताईला कसं सांगायचं.
दुसराच कोणी. त्यानं माझा हात धरून ठेवला, सोडेचना. त्याला पण वाटलं असेल मी त्याचा कोणी.

४ नोव्हें.
झाडांना पालवी फुटली. आता, ह्या दिवसांत. चैत्र आला समजून बसलीत.

१२ नोव्हें.
दाजींचा स्लॅब उभाच आहे, खालचे टेकू पण हलले नाय. साहेब म्हणाला, खोल. मीच खोलला, दुसऱ्याला हात लावू दिला नाय. पहिला प्लाय सुटला आणि वर छताला श्री. उलटा, पण स्वच्छ. काँक्रीटनं धरून ठेवलेला.
त्याच्याखाली बसून राहिलो. साहेबानं पाहिलं आणि गेला.

२५ नोव्हें.
अल्बर्टनं वाळूत काडीनं वादळ काढून समजावलं. मोठा गोल, मधी छोटा गोल. आपण आधी इकडच्या वाऱ्यात, मग मधल्या भोकात, मग तिकडच्या वाऱ्यात. पहिल्या वाऱ्यानं पाणी बाहेर काढलं होतं, दुसऱ्यानं आत टाकलं. इतकंच. पोराला पण कळेल असं.
मग त्यानं त्या भोकात एक शंख ठेवला आणि टोपी काढली. मी शंख उचलून फेकला. राग आला त्याचा. तो गेल्यावर शोधला, मिळाला नाय.

१ जाने.
दोन हजार साल लागलं म्हणे. फटाके. वस्तीत अजून निम्म्या घरांवर ताडपत्री.

११ मार्च
ठेकेदार परत पाठवतोय. मागं हाच दिवस मागत होतो. आता निघवत नाय. मी गेलो तर इथं दाजींना ओळखणारं कोण राहिलं? अल्बर्ट. तो म्हणाला (हातानं), मी बघत राहीन.

२ एप्रिल
सायखेडा. घरात शिरलो तर ताई भाकरी थापत होती. मला वाटलं रडेल. म्हणाली, "वाळलास." ताट वाढलं. दोन वाढली. दाजींचं झाकून ठेवते रोज, संध्याकाळी गाईला घालते.
मंगळसूत्र आहे. कुंकू पण, रुपयाएवढं. आधी एवढं मोठं लावत नव्हती.
जेवताना एकच विचारलं, "हळद घेतली होती का त्यांनी बरोबर?"
"हो. पुडी खिशात होती."
"नारळ सोललेला होता?"
"नाय."
"तेवढं पण नाय येत त्यांला," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून चुलीत फुंकर मारत बसली. चूल चांगली पेटलेली होती.

१९ जून
गंगापूर रोडला साईटवर. सळई बांधतो. बरोबरचे विचारतात, फॉरेन सोडून आलास काय, पळालास काय. मी म्हणतो, हो. एक म्हणाला, "ह्याचा मेव्हणा पाण्यानं नेला म्हणे." दुसरा म्हणाला, "पाण्यानं का गोऱ्या मडमेनं? तिकडं बसला असंल संसार थाटून." हसले सगळे. मी पण हसलो. रात्रभर तेच मनात, असू दे की. मडम असू दे.

८ जुलै
जिजींनी बोलावून घेतलं. दाजी स्वप्नात येतात म्हणे, ओले, पाणी मागतात. "समुद्रात बुडलेला माणूस पाणी मागतो रे. खारं पिऊन बसलाय माझा पोरगा. त्याला गंगेचं पाणी पाजायला नको? येत्या पितरांत मी पुतळा करणार. तू फक्त एकदा म्हण, गेला. तू शेवटचा पाह्यलास त्याला."
ताई कणगीजवळ उभी. "म्हण की. म्हणायचं तर म्हण. पण मंग मला सांग, कधी गेले, कुठं गेले. नारळ देऊन गेले का न देता."
म्हणता आलं नाय. दोघी माझ्याकडं बघत होत्या आणि दोघी बरोबर होत्या. मी एस्टी पकडून सिन्नरला आलो. भिंगरी.

३ ऑगस्ट
दुसरा ठेकेदार भेटला. दुबई का कतार, नक्की नाय. हो म्हटलं. सायखेड्याला सांगून यायचं आणि निघायचं. ताईला राखी आधीच बांध म्हणतो.

६ ऑगस्ट
सायखेड्यात अडकलो. पाऊस थांबत नाय, नाशकात गंगेतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हणे. तिकडं छातीला तर इकडं गल्लीत येणारच. दुपारी आलं. जिजींना पाठुंगळी घेऊन शाळेत आणलं. सगळी गल्ली शाळेत. ताईनं घरातलं एकच उचललं, ओटीचं ताट.
मी जिन्यात बसलोय. सारखा उठून दाराचा आडणा बघून येतो. इथं वारा नाय, नुसतं पाणी. तरी.

७ ऑगस्ट
चढलेलंच. पोरं चुरमुरे खातायत. एका शेजारणीनं विचारलं, मला नाय, दुसरीला, पण मला ऐकू येईल असं, "यंदा ओटीचं काय करायचं मंग?" मागच्या साली पूरच नव्हता, म्हणून कोणाच्या ध्यानात नाय आलं.
जिजी विधवा. ताईचं कोण सांगणार काय आहे ते.

८ ऑगस्ट
सकाळी ऊन पडलं. पाणी उतरायला लागलं, घाटाच्या वरच्या पायऱ्या उघड्या झाल्या. चिखल, वास. गल्ली सगळी घाटावर येऊन उभी. पोरं भुकेली, बाया ताटाकडं बघतायत. ताई ताट घेऊन, हिरवा खण, तांदूळ, हळद. नारळ मी सोलून आणला, शेंडी ठेवून.
थोरल्या घरची म्हातारी म्हणाली, "सवाष्णीनंच भरायची असती गं जिजी. नायतर गल्लीला लागतं."
जिजी म्हणाल्या, "मला नको शिकवू." मग माझ्याकडं वळल्या. "सोप्या, सांग आता. सगळी गल्ली ऐकती. हिनं भरायची का नाय?"
ताईनं माझ्याकडं पाहिलं नाय. पाण्याकडं बघत होती.
मी पण पाहिलं. गढूळ पाणी, त्यावर ऊन, वर निळं. सगळ्यांची तोंडं तीच, उतरलं बघ, उतरलं. माझा हात आपोआप वर आला आणि तळहातावर कड मारली मी, मधोमध.
"अर्धंच झालंय, जिजी. पहाटे भोंग्याची गाडी ओरडून गेली ना, धरणातून परत सोडणार म्हणून. हे उतरणं नाय. मागं सरा सगळे."
खोटं नव्हतं. गाडी आली होती खरंच.
कोणी म्हणालं, किती थांबायचं. कोणी म्हणालं, लेकरं उपाशी हायत. पण सरले मागं. जिजींनी ताईच्या हातातलं ताट सरळ केलं, तांदूळ सांडत होते म्हणून.
ताई म्हणाली, "थांबू. मला कुठं घाई हाय."
दोघींना शाळेच्या ओट्यावर बसवलंय, पाण्यापासून लांब. एक पदर दोघींच्या डोक्यावर. मी इथं पायरीवर, नारळ मांडीत, पाणी बघत बसलोय. ठेकेदारानं उद्या सकाळी नाशिकला बोलावलंय, पिशवी भरलेली आहे.
पाणी आहे तिथंच आहे. चढत नाय, उतरत नाय. गल्लीत अजून कुठं धूर नाय.